यादीत नसलेलं घर

त्या वर्षी पाऊस उतरला तेव्हा मी माझी रोझरीची जपमाळ स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि नंतर तिला हात लावला नाही. रागाने फेकली नाही, रडून ठेवली नाही. भाजीची पिशवी अडकवतो तशी अडकवली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जात होते, कारण गेले नसते तर लोकांना बोलायला आणखी एक विषय मिळाला असता. पण बाकावर बसून माझे फक्त ओठ हलत. देव नाही असं मला वाटत नव्हतं. तो आहे आणि आमच्या आळीतल्या लोकांच्या बाजूने आहे, असं वाटत होतं. हे त्याहून वाईट.

मला लिहायची सवय नाही. केळी, अळू, मुळा, मेथी हे माझं काम. पण आमच्या प्रार्थना गटातल्या सिस्टर म्हणाल्या, तुम्ही सांगता तसंच लिहा, सजवू नका. सजवायला मला जमतही नाही. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ती बाहेरच्यांना चटकन कळत नाही, म्हणून बोलणी थोडी सोपी करून लिहिते आहे. बाकी जसं झालं तसं.

वसईच्या पश्चिमेला आमचं घर. मागे केळीची बाग, एक विहीर, पुढे अंगण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा जहाजावर नोकरीला होता, वर्षातून दोन-तीन महिने घरी यायचा. नालासोपाऱ्याच्या एका साध्या कॅथलिक घरातली मुलगी त्याला करून आणली. तिचं नाव सेलीन. लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा मुलगा कायमचा घरी आला, खोकला आणि ताप घेऊन. आधी टीबी म्हणाले. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. आळीत त्याला अजून 'तो आजार' म्हणतात. मी नाव घेते. एड्स. पुढच्या पावसाळ्यात मुलगा गेला. त्याआधीच सेलीनचंही रक्त तपासलं होतं आणि तिच्या रक्तातही ते निघालं होतं.

आजार त्याने आणला होता. तो माझा मुलगा होता, त्याला मी नऊ महिने पोटात आणि शेवटचे पाच महिने हातांवर सांभाळलं, तरी हे वाक्य मी मऊ करणार नाही. सेलीनचा दोष एवढाच की ती त्याची बायको होती. डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं, "एका ताटात जेवलं तर?" ते म्हणाले, काही होत नाही. "एका विहिरीचं पाणी? एक बाथरूम? एक अंथरूण?" काही होत नाही. मग मला आणखी काही विचारायचं नव्हतं. घरी आल्यावर त्या दिवशी मी सेलीनच्या ताटातलाच भात खाल्ला. तिला वाटलं मी तिला धीर देते आहे. खरं म्हणजे मला भूक लागली होती आणि दुसरं ताट घासायचा कंटाळा आला होता.

हे गावाला कळलं ते असं. हॉस्पिटलाने मुलाचा देह प्लास्टिकमध्ये बांधून दिला आणि शवपेटी उघडू नका असं बजावलं. आमच्याकडे पेटी अंगणात उघडी ठेवतात, माणसं कपाळाला हात लावून निरोप घेतात. बंद पेटी बघितल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यानंतर कुणी आमच्याशी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. चर्चमध्ये सेलीन बाकावर बसली की बाजूच्या बाईला दुसऱ्या बाकावर कुणीतरी ओळखीचं दिसायचं. सेलीन गायनमंडळात गात असे, आवाज चांगला. तिथे तिला सांगितलं, तू थोडे दिवस विश्रांती घे. तिच्या भावाने नालासोपाऱ्याहून निरोप पाठवला की दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं, जागा नाही. तिला तिकडे पाठवत होतं कोण, पण त्याने आधीच सांगून टाकलं. फादर घरी येऊन गेले, आशीर्वाद दिला, एका रविवारी प्रवचनात दयेवर छान बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या. पाचूबंदरची पावलीण नावाची मासेवाली मात्र नेमाने यायची, पाटी उतरवून ओट्यावर बसायची, सेलीनच्या हातचा चहा प्यायची. मी एकदा तिला म्हटलं, तुला ठाऊक आहे ना? ती म्हणाली, "माज्या घरातले तीन पुरुष दर्यावर हायेत. मी कोनाकोनाला भ्यायचं?" आणि बोंबलाचा वाटा पुढे सरकवला.

आता आमच्या आळीतली रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे माळेवर मरियेची प्रार्थना करायचा महिना. महिनाभर माऊलीची मूर्ती घरोघरी जाते. पवित्र मरियेची जुनी मूर्ती, हातभर उंचीची, काचेच्या पेटीत. आज ज्या घरी आहे तिथून उद्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली की मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत, ती शेजारच्या घरी नेतात. ते घर टेबलावर पांढरी चादर घालून, फुलं लावून तयार असतं. मूर्ती टेबलावर बसते, रोझरी होते, शेवटी लितानी, म्हणजे माऊलीची एकेक नावं घेऊन केलेली विनवणी, होते आणि मग घरच्या बाईने उकडलेले चणे खोबऱ्याचे तुकडे घालून पुड्यांतून वाटायचे. मूर्ती रात्रभर त्या घरी राहते. एकदा माऊली टेबलावर बसली की दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत तिला कुणी उचलायचं नाही. लहानपणापासून आम्ही हे पाळत आलो.

मुलगा गेला त्या वर्षी माऊली आमच्या घरी आली. माणसंही आली. मी चणे वाटले, सगळ्यांनी पुड्या घेतल्या, थँक्यू म्हणाले. सकाळी मी बागेत पाणी सोडायला गेले तर कुंपणाच्या कडेने, केळीच्या बुंध्यांत, वाटेवरच्या गटारात सगळीकडे पुड्या. काही तर उघडल्याही नव्हत्या. माझ्या कोंबड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिपत चालल्या होत्या. मी टोपली घेऊन पुड्या गोळा करत होते तेव्हा सेलीन मागे येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती बाहेरच्या कुणाच्या हातात काही द्यायची नाही. पाण्याचा पेलासुद्धा ओट्यावर ठेवून मागे सरायची.

पुढचं वर्ष तिने कसंबसं काढलं. आजाराने नाही, लोकांच्या न बोलण्याने ती वाळत चालली होती. सप्टेंबरात तिने मला सांगितलं की सिस्टरांच्या ओळखीने मुंबईपलीकडच्या एका आश्रमात तिने विचारलं आहे. अशा आजाराची माणसं तिथे राहतात. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायची आणि निघायचं, असं तिने ठरवलं होतं. मुलाची जहाजावरची निळी कॅनव्हासची बॅग तिने धुऊन वाळत टाकली होती. मी म्हटलं, मी तुला जा म्हटलं का? ती म्हणाली, "नाय, आई. तू मला मरेपर्यंत सांभाळशील. पन माणसाला बोलायला एक माणूस पुरत नाय. तिकडे निदान सगळी माझ्यासारखी." रागावून थांबवता आलं असतं, पण तिचं म्हणणं खरं होतं. मी एकटी तिला पुरणार नव्हते. तेव्हाच मी माळ खिळ्याला अडकवली.

ऑक्टोबरच्या आधी इजाबेल आली. ती नात्याने माझी जाऊ लागते, पलीकडचंच घर तिचं. रोझरीची यादी दरवर्षी तीच करते आणि तिचा नवरा गाणी सांगतो. ती ओट्याच्या खाली उभी राहिली, चपला काढल्या नाहीत.

"या वर्षी तुझं घर जरा बाजूला ठेवलंय गं," ती म्हणाली. "लहान मुलं येतात, त्यांच्या आया घाबरतात. पास्कूकाकांकडून माऊली सरळ आमच्याकडे येईल. तुम्ही दोघी आमच्याच घरी या ना रोझरीला. तुला पन दगदग नको."

"दगदग कसली? चणे उकडायची?"

"तसं नाय. समजून घे."

"समजलं," मी म्हटलं. "मागच्या वर्षी कोंबड्यांनी समजावलंय."

ती लाल झाली आणि गेली. ती वाईट बाई नाही, हे मी तेव्हाही जाणून होते. माझ्या बाळंतपणात तिने महिनाभर माझे कपडे धुतले होते. भ्यालेल्या माणसाला वाईट म्हणता येत नाही, आणि त्याच्यावर रागावून सुटकाही होत नाही. त्या रात्री मी माऊलीशी मनात भांडले. बेथलेहेमात तुला एकाही घराने दार उघडलं नाही, हे आम्ही दर नाताळला गातो, आणि आता तूच आमचं दार चुकवून जाणार. तुला निदान गोठा होता. असं बरंच काही. उत्तर आलं नाही. मी झोपले, कारण पहाटे भाजी काढायची होती.

आमच्या घराची पाळी दरवर्षी ज्या दिवशी येते त्याच्या आदल्या दिवशी मी बाजारातून परत येताना वाण्याकडे थांबले आणि दोन किलो चणे घेतले. का घेतले ते मला आजही नीट सांगता येत नाही. काही दर्शन झालं नाही, आवाज ऐकू आला नाही. वाणी म्हणाला, बाई काय हवं? आणि मी म्हटलं, चणे. घरी येऊन मोठ्या पातेल्यात भिजत घातले. सकाळी सेलीनने झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कोणासाठी?"

"आळीसाठी. आज आपली पाळी."

"आई, यादीत आपलं नाव नाय."

"यादी इजाबेलची आहे. पाळी आपली आहे."

"आळी येनार नाय."

"नाही आली तर आपण दोघी रोझरी म्हणू. माऊलीची मूर्ती नसली तर भिंतीवरचं चित्र आहे."

"आनि दोन किलो चने?"

"चार दिवस खाऊ. वर उसळ करू. मग उरले तर कोंबड्या आहेतच, त्यांना आपल्या घरचे चणे आवडतात."

आणि सेलीन हसली. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. मुलगा आजारी पडल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. त्या हसण्याने मलाही हसू फुटलं. आम्ही दोघी विधवा बायका पातेल्याशेजारी उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग कामाला लागलो. मी चणे चुलीवर ठेवले, ती खोबऱ्याचे तुकडे करायला बसली. तुकडे करता करता ती माऊलीचं एक गाणं गुणगुणू लागली, आधी ओठांत, मग उघड. मी वर्तमानपत्राच्या पुड्या करत होते. पत्र्यावर ऊन होतं, चणे खदखदत होते, आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं.

मी साधी बाई आहे, मोठे शब्द वापरत नाही. पण याला आनंद म्हणतात हे मला कळलं, कारण माझ्या आयुष्यात तो थोडाच आला आहे आणि आला तेव्हा मी ओळखलेला आहे. काहीही बदललं नव्हतं. मुलगा मातीत होता, सुनेच्या रक्तात आजार होता, बॅग भरून कपाटावर होती आणि कुणी येणार नव्हतं. तरी तो आला. मला वाटलं, आज या घरात कुणीतरी पाहुणं आधीच येऊन बसलं आहे आणि आपण उगाच दाराकडे बघत होतो. मी उठले, खिळ्यावरची माळ काढली, पदराला पुसली आणि गळ्यात घातली. हा क्रम मला नीट लिहायचा आहे. पुढे जे घडलं त्यामुळे मला आनंद झाला असं लोक समजतात. तसं नाही. आनंद दुपारी आला. माणसं संध्याकाळी आली.

चर्चची घंटा झाली तेव्हा आमचं टेबल तयार होतं. पांढरी चादर, पितळी मेणबत्त्या, बागेतली शेवंती. मध्ये मूर्तीची जागा मी सवयीने मोकळी ठेवली होती. सेलीन म्हणाली, चित्र इथे ठेवू का? मी म्हटलं, ठेव, गाणी पुढे गेली की. पास्कूकाकांच्या घरापासून इजाबेलच्या घराकडे जायची वाट आमच्या फाटकावरूनच जाते. ती मंडळी आमच्यासमोरून गात जातील, मग आपण सुरू करू, असा विचार.

पास्कूकाका कोण ते सांगायला हवं. आळीतले सगळ्यांत वयस्क, तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे असतील. कानांनी पार बहिरे. तरी माऊलीची पेटी छातीशी धरून पुढे चालायचा मान त्यांचाच, आणि तो ते कुणाला देत नसत. वाट दोन्ही बाजूंच्या केळींमुळे इतकी अरुंद की एकामागे एकच माणूस चालतो. त्यांच्या मागे मेणबत्त्या घेतलेली मुलं, मग बायका, मग गाणी सांगणारा इजाबेलचा नवरा, आणि शेवटी पुरुष. इजाबेल स्वतः तिच्या दारात उभी होती, कारण ज्या घरी माऊली यायची तिथली बाई दारातच थांबते. तिने दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, त्या आमच्या ओट्यावरून दिसत होत्या.

गाणं जवळ आलं. मी दिवा सारखा करायला वळले आणि सेलीन दबक्या आवाजात म्हणाली, "आई."

पास्कूकाका आमच्या फाटकातून आत आले होते. पेटी छातीशी, मान खाली, नजर पायांपुढे, जसे दरवर्षी येतात तसे. मागची मुलं मेणबत्त्या सांभाळत त्यांच्या मागोमाग. वाटेवर कुणीतरी "काका, सरळ, सरळ" असं ओरडलं, पण ते गाण्यात मिसळून गेलं, आणि काकांना तर ढोल वाजला तरी ऐकू आलं नसतं. ते ओटा चढले, चपला काढल्या, घरात आले आणि मोकळ्या जागी माऊलीची पेटी ठेवली. बरोबर मध्ये. मग मागे सरून त्यांनी क्रूसाची खूण केली आणि दरवर्षीच्या खुर्चीत जाऊन बसले.

गाणं कडव्याच्या मध्येच तुटलं. इजाबेलचा नवरा माणसांतून वाट काढत आत आला आणि काकांच्या कानाशी वाकला.

"काका, आज इकडे नाय. पुढे. आमच्याकडे."

"हां?"

"यादीत हे घर नाय!"

काकांनी त्याच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. "बसली," ते म्हणाले.

"चूक झाली, काका. उचलू या."

"बसली आता," काका म्हणाले, बहिरा माणूस बोलतो तसे मोठ्याने. "बसल्यावर उचलतात का? तुज्या बापाने कधी उचलली?"

अंगणात कुणी हललं नाही. मी दारात उभी होते आणि त्या क्षणी मला काही बोलायची गरज वाटली नाही. ना या म्हणाले, ना जा म्हणाले. दुपारचा आनंद आत तसाच होता, हलला नव्हता. हे सगळे परत फिरले असते तरी तो राहिला असता, हे मला जाणवत होतं, आणि म्हणून मी कुणाला घाबरत नव्हते. मी चटया अंथरल्या. आधी मुलं बसली, कारण मुलांना मेणबत्ती धरून उभं राहायचा कंटाळा येतो. मग त्यांच्या आया बसल्या, काही दाराजवळ, काही अंगणात. इजाबेलच्या नवऱ्याने पुस्तक मिटलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

रोझरीची पाचही रहस्यं, एकेकात दहा 'नमो मरिया', घरच्या माणसांनी सांगायची असतात. आमच्या घरात माणसं दोनच. पहिलं मी सांगितलं. दुसऱ्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथे सेलीन अंधारात उभी होती. मी म्हटलं, "ये." ती आली, माझ्या शेजारी गुडघे टेकले आणि 'नमो मरिया' सुरू केलं. पहिली दोन थरथरली. तिसऱ्यापासून आवाज लागला. पुढची सगळी रहस्यं तिनेच सांगितली. लितानीत पास्कूकाका नेहमीप्रमाणे एक ओळ मागे राहिले. सगळे गप्प झाल्यावर त्यांचं एकट्याचं "आम्हांसाठी विनंती कर" दर वेळी घुमत होतं. मुलं हसू दाबत होती.

मधेच इजाबेल येऊन अंगणात उभी राहिली होती. तिच्या घरी दिव्यांच्या माळा पेटलेल्या, पातेलंभर चणे उकडलेले, आणि माऊली इथे. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

मग चण्यांची वेळ आली. मी परात उचलणार तोच सेलीनने ती उचलली. वर्षभर जिने कुणाच्या हातात पाणी दिलं नव्हतं ती परात घेऊन पहिल्यांदा पास्कूकाकांसमोर गेली आणि पुडी त्यांच्या हातात दिली. सगळे बघत होते. काकांनी पुडी उघडली, एक चणा बोटांत दाबून बघितला.

"मऊ हायेत ना? मला दात नाय, बाय."

"मऊ आहेत, काका," सेलीन म्हणाली.

त्यांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी तो तोंडात टाकला. बराच वेळ इकडून तिकडे फिरवला. आम्ही सगळे एका म्हाताऱ्याचा जबडा बघत बसलो होतो. शेवटी त्यांनी गिळला आणि हात परत पुढे केला. "मीठ बरोबर. अजून दे. घरी सुनेला पन."

मुलांनी हात पुढे केले. एका आईने आपल्या मुलाचा हात धरला, मग सोडला. दुसरीने स्वतः पुडी घेऊन तिथेच खाल्ली, सेलीनकडे बघत, मुद्दाम. काहीजण न घेता निघून गेले, तेही लिहायला हवं. इजाबेलसमोर सेलीन उभी राहिली तेव्हा इजाबेलने पुडी घेतली, मुठीत धरली आणि म्हणाली, "माझे पन चने उकडलेत गं. त्यांचं काय करू?" सेलीन म्हणाली, "उद्या माऊली तुमच्याकडे. आज फ्रिजमध्ये ठेवा." इजाबेल ओटा चढली. मग तिने चपला काढल्या, घरात आली आणि माऊलीसमोर गुडघे टेकले.

नंतर मी पास्कूकाकांना सोडायला त्यांच्या फाटकापर्यंत गेले. कानाशी तोंड नेऊन विचारलं, काका, यादी ठाऊक नव्हती का? ते म्हणाले, "मला कुठे वाचता येतं? माझे पाय चाळीस वरसं तुमच्याकडेच वळतात." एवढंच. त्यांना मुद्दाम वळायचं होतं की नाही हे मी परत विचारलं नाही. काही वर्षांनी ते गेले. त्यांची शवपेटी मात्र उघडी होती, आणि मी त्यांच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन बागेत गेले. कुंपण बघितलं, केळीचे बुंधे बघितले, गटार बघितलं. सेलीन ओट्यावर उभी होती.

"किती?" तिने विचारलं.

"एक."

"एकच?"

"एकच."

ती ओट्यावरून खाली उतरली. मग म्हणाली, "बरं झालं. मागच्या वर्षी कोंबड्यांना अपचन झालं होतं."

मृतांच्या दिवशी आम्ही दोघी कबरस्तानात गेलो, मेणबत्ती लावली. येताना मी काही विचारलं नाही. घरी आल्यावर तिने कपाटावरची बॅग उतरवली, कपडे काढून घडी करून कपाटात ठेवले आणि रिकामी बॅग माझ्यापुढे धरून म्हणाली, "हिचं काय करायचं?" चांगली मजबूत बॅग होती. मी तिच्यात कांदे भरले. अजून भरते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. अजून दोन घरं आमच्याकडचं पाणी पीत नाहीत. सेलीनच्या भावाच्या घरी अजून जागा झालेली नाही. गायनमंडळात तिला परत घ्यायला दोन नाताळ लागले. काही वर्षांनी सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या मोफत मिळू लागल्या. त्या ती नेमाने घेते, आणि बागेत माझ्यापेक्षा जास्त राबते. यादी अजून इजाबेलच करते. आमचं नाव तिच्यात असतं.

मी देवाकडून एक गोष्ट शिकले, ती शिकायला मला पन्नाशी उजाडली. इतके दिवस मी त्याला सांगत होते, या लोकांना वळव, मग मी माळ हातात घेईन. त्या दुपारी त्याने मला लोक दिले नाहीत, आधी स्वतः आला. टेबल मांडणं, चणे भिजत घालणं, दार उघडं ठेवणं ही माझी कामं. कोणाचे पाय कुठे वळवायचे हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो एक बहिरा म्हातारासुद्धा वापरतो. त्याच्या कामात मी आता हात घालत नाही. माझी कामं मात्र चुकवत नाही. दर ऑक्टोबरला आमच्या पाळीच्या आदल्या दिवशी मी दोन किलो चणे भिजत घालते, यादी बघायच्या आधी.